उत्तर आधी, प्रश्न नंतर: दर वेळी नवे आकडे देणारी सरावगणितं कशी बनवायची

"अवयव पाडून सोडवा: क्ष² + ७क्ष + ३ = ०."

हे गणित माझ्या प्रोग्रॅमने एका विद्यार्थिनीसमोर ठेवलं होतं. मी कॉम्प्युटरला एवढंच सांगितलं होतं की १ ते ९ मधली कोणतीही एक संख्या मधल्या पदासाठी घे, दुसरी शेवटच्या पदासाठी घे आणि वर्गसमीकरण तयार कर. ती बराच वेळ ज्यांचा गुणाकार ३ आणि बेरीज ७ येईल अशा दोन संख्या शोधत राहिली. शेवटी "मला अवयव जमत नाहीत" म्हणून तिने वही मिटली. खरं तर तिला अवयव छान जमत होते. त्या समीकरणाला पूर्णांकातले अवयव नव्हतेच. चूक माझी होती आणि तिने ती स्वतःच्या माथी घेतली.

त्या दिवशी मी कागद घेऊन मोजायला बसलो. मधलं पद १ ते ९ आणि शेवटचं पद १ ते ९, म्हणजे एकूण ८१ समीकरणं. त्यातली पूर्णांक अवयव पडणारी फक्त १२ निघाली. ३७ समीकरणांची मुळं अपरिमेय होती, म्हणजे सूत्र वापरल्याशिवाय सुटका नाही. उरलेल्या ३२ समीकरणांना तर वास्तव मुळंच नव्हती. मी 'सोपा सराव' म्हणून जे दिलं होतं, त्यात साधारण सात गणितांमागे एकच गणित सूचनेप्रमाणे सुटणारं होतं.

उपाय एका ओळीचा आहे: आधी उत्तर ठरवायचं आणि त्यावरून प्रश्न तयार करायचा. कॉम्प्युटरला अ आणि ब या दोन संख्या निवडायला सांगायच्या, (क्ष + अ)(क्ष + ब) हा गुणाकार करायचा आणि क्ष² + (अ + ब)क्ष + अब = ० हे समीकरण पडद्यावर दाखवायचं. अ = २ आणि ब = ३ आले की क्ष² + ५क्ष + ६ = ० तयार होतं, आणि मुळं −२ आणि −३ आहेत हे आपल्याला आधीच माहीत असतं. आता प्रत्येक गणित सुटणारच.

हाच विचार जवळपास सगळीकडे लागू पडतो. एकचल समीकरण हवं असेल तर क्ष ची किंमत आधी ठरवा आणि उजवी बाजू तिच्यावरून काढा. भागाकार हवा असेल तर भाजक आणि भागाकार आधी निवडा, बाकी भाजकापेक्षा लहान ठेवा आणि भाज्य हिशोबाने येऊ द्या. काटकोन त्रिकोणाच्या तिन्ही बाजू पूर्णांक हव्या असतील तर बाजू निवडायच्याच नाहीत. म आणि न या दोन संख्या घ्यायच्या (म मोठी), आणि म² − न², २मन व म² + न² या तीन बाजू करायच्या. म = ३, न = २ घेतलं तर ५, १२, १३ मिळतात.

साचा आणि त्यातल्या रिकाम्या जागा

दर वेळी नवे आकडे देणारा प्रश्न म्हणजे एक साचा. वाक्य ठरलेलं असतं आणि आकड्यांच्या जागा रिकाम्या असतात. कॉम्प्युटर त्या जागी रँडम संख्या भरतो. पण रिकामी जागा आणि रँडम संख्या एवढ्यावर साचा पुरा होत नाही. प्रत्येक संख्येची मर्यादा सांगावी लागते, म्हणजे कुठून कुठपर्यंत. काही अटी घालाव्या लागतात, म्हणजे कोणत्या जोड्या चालणार नाहीत. निवडलेल्या संख्यांवरून बाकीच्या संख्या काढाव्या लागतात. बरोबर उत्तर आणि पायऱ्यांसकट सोडवणूक हीसुद्धा त्याच संख्यांवरून तयार व्हावी लागते. यातला सगळ्यात जास्त वेळ अटींना द्यायचा असतो, आणि घाईत नेमक्या त्याच राहून जातात.

हे करायला प्रोग्रॅमिंग यायलाच हवं असं नाही. साध्या स्प्रेडशीटमध्ये 'रँडबिटवीन' नावाचं फंक्शन असतं. त्याला खालची आणि वरची मर्यादा दिली की त्यांच्यामधली एखादी पूर्ण संख्या मिळते. दोन सेलमध्ये अ आणि ब घ्यायचे, तिसऱ्यात बेरीज, चौथ्यात गुणाकार, आणि पाचव्या सेलमध्ये शब्द व आकडे जोडून प्रश्न तयार करायचा. ती ओळ खाली ओढली की पन्नास प्रश्न आणि शेजारी पन्नास उत्तरं तयार. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. शीटमध्ये कुठेही काही बदललं की हे फंक्शन सगळे आकडे पुन्हा नव्याने काढतं. प्रश्न छापायला दिल्यावर उत्तरांसाठी शीट उघडली तर आकडे बदललेले असतात. म्हणून प्रश्न तयार झाले की लगेच ते कॉपी करून फक्त 'व्हॅल्यूज' म्हणून पेस्ट करून ठेवायचे.

एकाच साच्यातली सोपी आणि अवघड गणितं

सगळी गणितं सुटणारी झाली म्हणजे काम झालं, असं मला पहिले काही महिने वाटत होतं. मग अपूर्णांकांच्या बेरजेचा सराव तयार केला आणि नवी अडचण समोर आली.

दोन अपूर्णांक घ्यायचे, छेद २ ते ९ मधले. छेदांच्या ६४ जोड्या होतात. त्यातल्या ८ जोड्यांत दोन्ही छेद सारखेच असतात, तिथे फक्त अंशांची बेरीज करायची. १२ जोड्यांत एक छेद दुसऱ्याच्या पटीत असतो, जसे ३ आणि ६. तिथे एकच अपूर्णांक बदलावा लागतो. ३८ जोड्यांत दोन्ही छेदांना १ खेरीज सामाईक विभाजक नसतो, जसे ४ आणि ५. तिथे छेदांचा सरळ गुणाकार केला की भागतं. उरल्या ६ जोड्या: ४ आणि ६, ६ आणि ८, ६ आणि ९, आणि याच उलट क्रमाने. लसावि खऱ्या अर्थाने फक्त या सहांतच लागतो.

म्हणजे 'लसावि काढून बेरीज करा' असं शीर्षक देऊन मी जो सराव दिला होता, त्यात चौसष्टांत सहा वेळाच लसावि शोधावा लागत होता. एखाद्या मुलाने दहा गणितं सोडवली आणि दहाही बरोबर आली, तरी त्याला लसावि येतो की नाही हे मला कळणार नव्हतं. दुसऱ्या मुलाला नशिबाने सगळ्या सोप्या जोड्या आल्या, तिसऱ्याला सगळ्या किचकट. दोघांच्या गुणांची तुलना कशाच्या आधारावर करणार?

लहान वर्गांतही हेच घडतं. दोन अंकी संख्यांची बेरीज घेतली तर अवघड भाग संख्या किती मोठ्या आहेत यात नसतो, हातचा येतो की नाही यात असतो. एककाच्या दोन अंकांच्या १०० जोड्यांपैकी ४५ जोड्यांत बेरीज १० किंवा जास्त होते आणि हातचा येतो, ५५ जोड्यांत येत नाही. २३ + ४५ आणि २७ + ४५ पडद्यावर सारखीच दिसतात, पण जे मूल हातचा शिकत आहे त्याच्यासाठी ती दोन वेगळी गणितं आहेत. वजाबाकीत दशकाकडून उसना घेण्याचंही असंच आहे.

म्हणून साचा लिहायच्या आधी स्वतःला विचारायचं: हे गणित सोडवताना मुलाने नेमकी कोणती पायरी करायला हवी? ती पायरी प्रत्येक आवृत्तीत आलीच पाहिजे, अशी अट मग साच्यात घालायची. हातच्याचा सराव हवा असेल तर एककाचे अंक आधी निवडा, त्यांची बेरीज १० च्या खाली गेली तर पुन्हा निवडा, आणि दशकाचे अंक मागाहून जोडा. लसावि हवा असेल तर एक सामाईक गुणक आधी ठरवा आणि तो दोन्ही छेदांत घाला. चारही प्रकार हवे असतील तर चार वेगळे साचे करा आणि प्रत्येकातून ठरलेली गणितं द्या. एका मोठ्या साच्यापेक्षा असे चार लहान साचे मला केव्हाही जास्त भरवशाचे वाटतात.

वर्गसमीकरणांतही अटी लागतातच. अ आणि ब या −९ ते ९ मधल्या शून्य सोडून संख्या घेतल्या. दोन्ही सारख्या आल्या तर पूर्ण वर्ग तयार होतो. एक दुसरीची विरुद्ध संख्या आली तर मधलं पदच नाहीसं होतं. हे दोन्ही प्रकार शिकवायचे असतात, पण वेगळे. ते बाजूला काढले की १४४ वेगवेगळी समीकरणं उरतात, आणि सरावाला ती भरपूर होतात.

चुकीच्या रस्त्याने बरोबर उत्तर

मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर आणि तितकीच धोक्याची गोष्ट ही वाटते. काही आकडे असे असतात की चुकीची रीत वापरली तरी उत्तर बरोबर येतं.

चौरसाची बाजू ४ असेल तर त्याचं क्षेत्रफळ १६ आणि परिमितीही १६. आयताच्या बाजू ३ आणि ६ असतील तर दोन्ही १८. पूर्णांक बाजूंमध्ये असे आयत हे दोनच. पण रँडम निवडीत ते येणारच, आणि क्षेत्रफळाच्या जागी परिमिती काढणाऱ्या मुलाला कॉम्प्युटर 'शाब्बास' म्हणणार. त्या एका शाब्बासकीने त्याचा गैरसमज पक्का होतो. घातांकांतही असंच. २² आणि २ × २ यांचं उत्तर सारखंच येतं, त्यामुळे घातांक म्हणजे पायाला घातांकाने गुणणं असं समजणारा इथे सहज पास होतो. १६/६४ मध्ये वरचा आणि खालचा ६ खोडला तर १/४ उरतो आणि तो बरोबरही असतो. ही रीत पूर्ण चुकीची आहे हे मुलाला पटवायला मग नाकी नऊ येतात.

यावर माझा उपाय असा. साचा लिहिताना मुलं ज्या दोन-तीन चुका हमखास करतात त्या कागदावर लिहून काढायच्या आणि त्या चुकांनी येणारी उत्तरंसुद्धा कॉम्प्युटरला काढायला लावायची. त्यातलं एखादं उत्तर बरोबर उत्तराशी जुळलं तर ती आवृत्ती टाकून द्यायची आणि आकडे पुन्हा निवडायचे. बहुपर्यायी प्रश्नांत तर हे टाळताच येत नाही, नाहीतर दोन पर्याय सारखेच दिसतात.

या चुकीच्या उत्तरांचा दुसरा उपयोग आणखी मोलाचा आहे. ३/४ + २/५ चं बरोबर उत्तर २३/२०. कोणी ५/९ लिहिलं तर त्याने अंशांत अंश आणि छेदांत छेद मिळवले हे उघड आहे. साच्याला चुकीच्या रीतीचं सूत्र माहीत असलं की आकडे कोणतेही येवोत, तो ही चूक ओळखू शकतो. 'उत्तर चूक' एवढ्यावर न थांबता तो सांगू शकतो: "तुम्ही छेदांचीही बेरीज केलेली दिसते. पाऊण आणि पावापेक्षा जास्त असलेला भाग मिळून एकापेक्षा कमी कसा होईल?" मात्र असं वाक्य लिहिताना जपायचं. 'पाऊण' हा शब्द ३/४ साठीच खरा आहे, आकडे बदलले की तो खोटा ठरतो. मार्गदर्शनातलं प्रत्येक वाक्य साच्याच्या प्रत्येक आवृत्तीला लागू पडतं का, हे तपासावंच लागतं.

पडद्यावर दिसतं कसं

साचा नीट न लिहिल्यास पडद्यावर क्ष² + −३क्ष + ० असं काहीतरी उमटतं. कधी १क्ष दिसतो, कधी ०क्ष. गणिताच्या दृष्टीने यात चूक नाही, पण असं पुस्तकात कोणी लिहीत नाही आणि मुलं बिचकतात. सहगुणक ऋण असेल तर अधिकचं चिन्ह जाऊन वजाबाकीचं चिन्ह यायला हवं, १ असेल तर तो लिहायचा नाही, ० असेल तर पदच गाळायचं. गणितासाठीच केलेल्या प्रणाली हे बऱ्याच अंशी स्वतः सांभाळतात. स्प्रेडशीटमध्ये ते 'इफ' वापरून स्वतः करावं लागतं.

शाब्दिक उदाहरणांत आपल्या भाषेची एक खास अडचण येते. इंग्रजी साच्यात वस्तूचं नाव बदललं की बहुतेक वेळा काम होतं. मराठीत वस्तू बदलली की क्रियापदही बदलतं: किती वह्या उरल्या, किती पुस्तकं उरली, किती डबे उरले. विभक्ती लागली की नावाचं रूप बदलतं: वही, वह्या, वह्यांची. संख्या १ आली तर "१ रांगांमध्ये किती खुर्च्या?" असं वाक्य तयार होतं. मुलाचं नाव रँडम घ्यायचं ठरवलं तर 'म्हणाला' आणि 'म्हणाली' हा प्रश्न उभा राहतोच. मी आता दोनच नियम पाळतो. शाब्दिक उदाहरणात वस्तू आणि माणसं बदलायचीच नाहीत, फक्त आकडे बदलायचे. आणि ते आकडे २ पासून सुरू करायचे. संदर्भ बदलायचा असेल तर पूर्ण वाक्य वेगळं लिहून दुसरा साचा करायचा. थोडं काम वाढतं, पण मुलाला अशुद्ध मराठी वाचावी लागत नाही.

आकड्यांना वास्तवाचंही भान हवं. चालणाऱ्या माणसाचा वेग ताशी ४० किलोमीटर येऊ नये, कामगार साडेतीन येऊ नयेत, आणि त्रिकोणाच्या बाजू २, ३ आणि ९ अशा येऊ नयेत, कारण असा त्रिकोण काढताच येत नाही.

उत्तर तपासताना

प्रश्न तयार करण्यापेक्षा उत्तर तपासणं अवघड आहे. मुलाने १/२ लिहिलं, ०.५ लिहिलं किंवा २/४ लिहिलं. तिन्ही किमती सारख्याच, पण कॉम्प्युटर अक्षराला अक्षर जुळवत असेल तर त्यातली दोन चूक ठरतील. म्हणून उत्तर मजकूर म्हणून न जुळवता संख्या म्हणून जुळवावं लागतं. संक्षिप्त रूपच हवं असेल तर ते प्रश्नातच स्पष्ट सांगायचं आणि वेगळं तपासायचं.

दशांश असतील तर दोन संख्या तंतोतंत सारख्या आहेत का असं कधीही विचारू नये. बहुतेक कॉम्प्युटर दशांश संख्या द्विमान पद्धतीत साठवतात आणि ०.१ तिथे अचूक बसत नाही. म्हणून ०.१ + ०.२ केलं की ०.३ च्या पुढे पंधरा शून्यं आणि मग ४ असं उत्तर येतं. विद्यार्थ्याने ०.३ लिहिलं तर तो चूक ठरेल. यासाठी थोडी सूट ठेवायची, म्हणजे फरक ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल तर उत्तर बरोबर मानायचं. ती सूटही विचार करून ठरवावी लागते. उत्तर ०.००४२ असताना ०.०१ एवढी सूट दिली तर शून्य लिहिणाराही पास होतो. आकडे रँडम असल्यामुळे उत्तर कधी लहान तर कधी मोठं येतं, म्हणून सूट उत्तराच्या प्रमाणात ठेवणं चांगलं.

बीजगणितातली उत्तरं असतील तर एक साधी युक्ती आहे. मुलाने लिहिलेली राशी आणि आपली राशी या दोन्हींत क्ष च्या जागी काही किमती ठेवून पाहायच्या. सगळीकडे उत्तर जुळलं तर राशी सारख्या. एकच किंमत घेऊन मात्र चालत नाही. क्ष² आणि २क्ष या वेगळ्या राशी आहेत, पण क्ष = २ ला दोन्ही ४ देतात. चार-पाच वेगवेगळ्या आणि जरा वेड्यावाकड्या किमती घेतल्या तर फसगत जवळपास होत नाही.

पण ही युक्ती रूप ओळखत नाही. 'अवयव पाडा: क्ष² − ५क्ष + ६' या प्रश्नाला कोणी उत्तराच्या चौकटीत क्ष² − ५क्ष + ६ हेच टाइप केलं तर किमती सगळ्या जुळतात आणि गुण मिळतात! इथे खऱ्या बीजगणित प्रणालीची गरज पडते. शिक्षणक्षेत्रात वापरली जाणारी स्टॅक ही प्रणाली, जी क्रिस सँगविन यांनी सुरू केली, उत्तर तपासायला मॅक्सिमा या बीजगणित प्रणालीचा आधार घेते. त्यामुळे दोन राशी सारख्या आहेत का आणि अवयव खरोखर पाडले आहेत का, हे दोन्ही ती वेगवेगळं विचारू शकते.

मराठी माध्यमातल्या मुलांसाठी आणखी एक तपासणी लागते. मूल उत्तरात ५ हा अंक देवनागरीत टाइप करू शकतं. प्रोग्रॅमिंगच्या भाषांपैकी पायथनला देवनागरी अंकांतली पूर्ण संख्या दिली तर ती तो नीट वाचतो. जावास्क्रिप्टचं साधं संख्यारूपांतर मात्र ती वाचत नाही आणि 'ही संख्याच नाही' असं ठरवतं. दोन्ही प्रकारचे अंक स्वीकारायची सोय आपण मुद्दाम करायची. वजाबाकीचं चिन्हही दोन-तीन वेगवेगळ्या खुणांनी टाइप होतं, तेही आधी एकसारखं करून घ्यायचं. योग्य उत्तर लिहूनही केवळ टाइप करण्यामुळे चूक ठरणं मुलाच्या फार जिव्हारी लागतं.

रँडम म्हणजे किती रँडम

कॉम्प्युटर खरोखर फासे टाकत नाही. तो एका संख्येपासून सुरुवात करतो आणि ठरलेल्या सूत्राने पुढच्या संख्या काढत जातो. त्या सुरुवातीच्या संख्येला सीड म्हणतात. एक छोटं सूत्र घेऊन पाहा: आधीच्या संख्येला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागा आणि बाकी घ्या. सीड ७ घेतला तर पुढे ६, १, ८, ११, १०, ५, १२ अशा संख्या येतात. वरवर विस्कळीत वाटतात, पण पुन्हा ७ पासून सुरुवात केली तर हीच मालिका जशीच्या तशी येते. बारकाईने पाहिलं तर विषम, सम, विषम, सम असा ठेकाही दिसतो. म्हणून असं छोटं सूत्र प्रत्यक्षात वापरायचं नसतं. पायथन १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेलं मर्सेन ट्विस्टर हे कितीतरी गुंतागुंतीचं सूत्र वापरतो, आणि सरावाला ते पुरून उरतं.

तीच मालिका पुन्हा मिळणं ही उणीव वाटेल, पण आपल्या कामात तो मोठा आधार आहे. "माझ्या गणितात गडबड होती" असं विद्यार्थी सांगतो तेव्हा त्याचा सीड नोंदवलेला असेल तर तेच गणित तसंच्या तसं पुन्हा उघडता येतं. पान पुन्हा लोड झालं तरी गणित बदलत नाही. विद्यार्थ्याचा क्रमांक आणि प्रश्नाचा क्रमांक मिळून सीड तयार केला तर प्रत्येकाला वेगळं पण कायम तेच गणित मिळतं. जावास्क्रिप्टच्या स्वतःच्या रँडम फंक्शनला सीड देता येत नाही, त्यासाठी वेगळी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, घ्यावी लागते. मी पहिला सराव त्या फंक्शनवरच बांधला होता, आणि त्या विद्यार्थिनीचं समीकरण मला दिसलं ते केवळ तिने ते वहीत उतरवलं होतं म्हणून.

आवृत्त्या किती असाव्यात? वरच्या १४४ समीकरणांतून ३० विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक रँडम दिलं, तर कोणा ना कोणा दोघांना सारखंच मिळण्याची शक्यता शंभरात ९६ इतकी आहे. ऐकायला धक्कादायक वाटतं, पण सरावात याने काही बिघडत नाही. एकाच विद्यार्थ्याला लागोपाठ तेच गणित येणं मात्र कंटाळवाणं असतं. तिथे दर वेळी नव्याने निवड न करता सगळ्या आवृत्त्या पत्त्यांसारख्या पिसून एकामागून एक द्याव्यात.

साधनं, आणि मुलांच्या हातात देण्याआधी

हे सगळं शून्यातून बांधायची गरज नाही. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ रॉचेस्टरमध्ये मायकल गेज आणि अर्नोल्ड पायझर यांनी १९९० च्या दशकाच्या मध्याला वेबवर्क ही प्रणाली याच कामासाठी तयार केली, आणि ती आजही वापरात आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल युनिव्हर्सिटीत तयार झालेलं नंबास हे असंच साधन मोफत आहे आणि ब्राउझरमध्येच चालतं. त्यात आकड्यांवर अट घालायची सोय आहे. अट पुरी होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा आकडे निवडतं, त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तेच सुचवतो. मूडल ही ऑनलाइन वर्ग चालवायची प्रणाली वापरणाऱ्यांना त्यातला 'कॅल्क्युलेटेड' हा प्रश्नप्रकार घेता येतो. तिथे आकड्यांचे संच आधीच तयार होतात, ते डोळ्यांखालून घालून नको ते काढून टाकता येतात. स्टॅकही मूडलमध्ये जोडता येते.

स्टॅकसारख्या प्रणालीत मला सर्वांत आवडणारा प्रश्न असा आहे की त्यात रँडम काहीच लागत नाही: 'ज्याच्या मुळांची बेरीज ५ आहे असं एक वर्गसमीकरण लिहा.' बरोबर उत्तरं अगणित आहेत, कॉम्प्युटर फक्त गुणधर्म तपासतो, आणि मुलांना स्वतः समीकरण घडवावं लागतं. आकडे बदलणाऱ्या पंधरा गणितांच्या शेवटी असा एक प्रश्न ठेवला तर रीत पाठ झाली आहे की समजली आहे हे लगेच दिसतं.

साचा तयार झाल्यावर मी आता एक पद्धत कधीच चुकवत नाही. वीस आवृत्त्या काढायच्या आणि त्या पेन्सिलीने, उत्तराकडे न पाहता, स्वतः सोडवायच्या. शिवाय मर्यादेच्या टोकाचे आकडे मुद्दाम भरून पाहायचे: सगळ्यात लहान, सगळ्यात मोठे, दोन्ही सारखे, एक ऋण, दोन्ही ऋण. आवृत्त्या थोड्या असतील, जसे वरची १४४ समीकरणं, तर कॉम्प्युटरकडून सगळ्यांची यादी काढून एकदा नजरेखालून घालायची. त्याला पाच-दहा मिनिटं लागतात. क्ष² + ७क्ष + ३ अशा यादीत मला पहिल्या मिनिटातच दिसलं असतं.